हजेरीपटाबाहेरचे मजूर

साखर कारखान्यात काम करणाऱ्या फिटरला हजेरी असते, वेतनश्रेणी असते, भविष्य निर्वाह निधी असतो. ज्यांच्या कोयत्यावर गळीत हंगाम चालतो, त्या ऊसतोड मजुरांची नावं मात्र त्या हजेरीपटावर नसतात. दिवाळीच्या आगेमागे बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी या भागांतून लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उतरतात. त्यांची भरती मुकादम करतो. हंगामाआधी तोच उचल, म्हणजे आगाऊ रक्कम देतो, टोळी बांधतो आणि हंगामभर हिशेबही तोच ठेवतो. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. उचल घेतो नवरा आणि हिशेबही त्याच्याच नावावर होतो. पहाटेपासून मोळ्या बांधून डोक्यावर वाहणाऱ्या बाईची स्वतंत्र मजुरी कुठेच लिहिलेली नसते.

कारखान्यांचं म्हणणं असं, की आमचा करार मुकादमाशी किंवा वाहतूकदाराशी आहे, मजूर आमचे नाहीत. पण प्रत्यक्ष काम कोणाच्या हुकमाने चालतं ते पाहावं. कोणाचा ऊस कधी तोडायचा हे कारखान्याचा शेतकी विभाग ठरवतो, तोडीची चिठ्ठी त्याचा चिटबॉय देतो, वजन त्याच्याच काट्यावर होतं. तोडणी-वाहतुकीचा खर्च कारखानाच शेतकऱ्याच्या ऊसबिलातून कापून घेतो. दराचा करारही साखर संघ आणि मजूर संघटना यांच्यात होतो. जानेवारी २०२४ मध्ये याच वाटाघाटीतून ३४ टक्के वाढ ठरली आणि टनाचा दर २७३ रुपयांवरून सुमारे ३६६ रुपयांवर गेला. जो मजुरीचा दर ठरवतो आणि कामाचा क्रम आखतो, त्याला मजुराच्या आरोग्याची आणि सुरक्षेची जबाबदारी नाकारता येत नाही.

ती नाकारली गेल्याचे परिणाम बाईच्या अंगावर उमटतात. काम चुकलं की खाडा पडतो आणि त्याचा दंड उचलीच्या हिशेबात चढतो. फडात शौचालय नाही, राहण्याच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, पुरेसं पाणी नाही, पाळीच्या दिवसांतही सुट्टी नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात आरोग्य विभागाने ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली, म्हणजे जवळपास सहांमागे एक. यात नफेखोर डॉक्टर आहेत, लहान वयातली लग्नं आणि बाळंतपणं आहेत, हे खरंच. पण दुखणं अंगावर काढावं लागतं आणि मग एकदाचा कायमचा इलाज करून टाकावासा वाटतो, यामागे कामाची ही रचनाही आहे.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. उचल घेऊन मुकादम किंवा टोळ्या पसार होतात, त्यात कारखाने आणि वाहतूकदार बुडतात, मग थेट जबाबदारी घ्यायची कशी? फसवणूक होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ती तोंडी व्यवहाराच्या आडोशाने वाढते, आणि त्याच आडोशाने मजुराची उचलही फिटता फिटत नाही. प्रत्येक मजुराची नोंद, बँकेतून दिलेली रक्कम आणि दर पंधरवड्याचा लेखी हिशेब यांनी दोन्ही बाजूंचं संरक्षण होईल. दुसरा आक्षेप खर्चाचा. उसाची किंमत चौदा दिवसांत द्यायची सक्ती आहे, सहकारी कारखाने कर्जात आहेत, हे मान्य. पण शेतकऱ्याच्या किमतीला कायद्याचं कवच आहे. मजुराच्या वाट्याला ते येत नाही, म्हणून तंगीचा भार नेमका त्याच्यावर ढकलला जातो.

म्हणून कारखान्याच्या मनुष्यबळ विभागाने पहिलं काम करावं ते नोंदणीचं. स्त्री आणि पुरुष यांची स्वतंत्र नावं लिहावीत, बाईची मजुरी तिच्या खात्यात जमा करावी, आजारपणाचा खाडा बंद करावा आणि कोपीजवळ पाणी व शौचालय द्यावं. ओळखपत्र, विमा, मुलांची शाळा या सगळ्या योजना या नोंदणीवरच उभ्या राहू शकतात. ज्याच्या कष्टावर गाळप होतं तो आपला कामगार आहे, हे कारखान्याने कागदावर मान्य करावं. सामाजिक जबाबदारीच्या अहवालांना त्यानंतरच अर्थ येईल.