शेगडीवरचं हीट ट्रान्सफर

मेसच्या पातळ रश्श्याला कंटाळलो होतो, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत घरी अमेरिकन बार्बेक्यू करायचं ठरवलं. तिकडे मांसाला कोरडा मसाला चोळतात, त्याला म्हणतात 'ड्राय रब'. टेक्सासात मुख्यतः मीठ-मिरी, तर मेम्फिसला डुकराच्या बरगड्यांवर पाप्रिका अन् ब्राऊन शुगरसुद्धा! मी काश्मिरी मिरची आणि किसलेला गूळ घेतला, चिकनच्या तंगड्यांना चोळला आणि थेट धगधगत्या निखाऱ्यांवर ठेवल्या. दहा मिनिटांत बाहेरून कोळसा, हाडाजवळ कच्चं! बाबा म्हणाले, "बाळा, बॉयलरपासून लांबच राहा!"

चुकलं कुठे? साखर साधारण १७० अंश सेल्सिअसला कॅरमल होते, त्यापुढे जळून कडू. तिकडे बरगड्या ११०-१२० अंशांच्या धुरात तासन्‌तास ठेवतात, म्हणून साखर टिकते. शिवाय मीठ हळूहळू आत झिरपतं (आपलं डिफ्यूजनच की!), मसाला मात्र बहुतेक वरच राहतो.

पुढच्या खेपेला मीठ आदल्या रात्रीच चोळून चिकन फ्रीजमध्ये ठेवलं. निखारे एका बाजूला सारले, चिकन दुसऱ्या बाजूला, वर पातेलं उपडं. गूळ शेवटच्या पाच मिनिटांत. मामाकडचा स्वयंपाकाचा थर्मामीटर आत खुपसला, ७४ अंश दाखवल्यावरच उतरवलं. बाबांनी दोन तंगड्या मागून घेतल्या!

तेव्हा मित्रहो, सूत्र सोपं आहे : मीठ आधी, साखर शेवटी, आच बाजूला. मात्र हा प्रयोग हॉस्टेलच्या खोलीत नको. बंद खोलीत कोळसा पेटवला की कार्बन मोनॉक्साइड साचतो, आणि त्याला वास नसतो.