बोलण्याला कुलूप लागतं तेव्हा: आणीबाणी, लेनिनग्राड आणि आपलं ॲन आर्बर

आजच्या भागात आपण एका शब्दाची फोड करणार आहोत. शब्द आहे हुकूमशाही. आपण तो इतका सैल वापरतो की त्याची धार गेली आहे. सोसायटीचा चेअरमन कडक असला की तो हुकूमशहा, मुलांना रात्री दहाला झोपायला लावणारी आई हुकूमशहा. आपल्याला न आवडणारा पक्ष निवडून आला तरी आपण तोच शब्द वापरतो. मग कडक सरकार आणि हुकूमशाही सरकार यांत फरक कुठे करायचा?

त्यासाठी तीन साधे प्रश्न पुरतात. एक, सरकार चुकलं तर ते छापता आणि बोलता येतं का? दोन, सरकारने उचलून तुरुंगात टाकलं तर कोर्टात दाद मागता येते का? तीन, सरकार मतांनी बदलता येतं का? तिन्हींची उत्तरं होकारार्थी असतील तर सरकार कितीही नावडतं असो, ती लोकशाही आहे. उत्तरं एकेक करून 'नाही' होऊ लागली, तर सरकार कितीही आवडतं असो, सावध व्हायला हवं.

आता हे प्रश्न आपल्याच इतिहासाला लावून बघू. १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची लोकसभेवरची निवड रद्द ठरवली. २५ जूनच्या रात्री राज्यघटनेच्या ३५२ व्या कलमाखाली आणीबाणी जाहीर झाली. कारण दिलं होतं अंतर्गत अशांततेचं. ती २१ मार्च १९७७ पर्यंत, म्हणजे जवळजवळ एकवीस महिने टिकली.

पहिला प्रश्न छापण्याचा. त्या रात्री दिल्लीतल्या बहादूरशाह जफर मार्गावर, जिथे बऱ्याच वृत्तपत्रांचे छापखाने होते, तिथली वीज गेली. दुसऱ्या दिवशी अनेकांच्या दारात पेपर पडलाच नाही. लगोलग सेन्सॉरशिप आली, म्हणजे छापण्याआधी मजकूर अधिकाऱ्याला दाखवायचा. इंडियन एक्स्प्रेसने अग्रलेखाची जागा कोरी सोडून निषेध केला. बघा, आतला मजकूर गेला तरी रिकामी जागा बोलते. पुढे सेन्सॉरला तीही खुपू लागली.

मुंबईत मिनू मसानी यांच्या 'फ्रीडम फर्स्ट' या छोट्या मासिकातला मजकूर सेन्सॉरने अडवला. ते कोर्टात गेले आणि १९७६ साली मुंबई उच्च न्यायालयात जिंकले. न्यायमूर्ती मादन यांच्या निकालाचा आशय असा, की सगळ्या वृत्तपत्रांना एका सुरात बोलायला लावणं हे सेन्सॉरचं काम नाही. दिल्लीतलं सर्वोच्च न्यायालय काय करणार याची शाश्वती नसताना मुंबईतल्या न्यायमूर्तींनी हे लिहून ठेवलं, हे आपण मराठी माणसांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे.

दुसरा प्रश्न कोर्टाचा. कायदा होता 'मिसा'. या कायद्याखाली खटला न चालवता स्थानबद्ध करता येई. शाह आयोगाच्या अहवालानुसार मिसा आणि भारत संरक्षण नियम मिळून एक लाखाहून अधिक माणसं पकडली गेली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते तुरुंगात गेल्या. प्रमिलाताई येरवड्याला आणि त्यांचे पती मधू दंडवते बंगळूरच्या तुरुंगात, असा तो संसार होता. अशा वेळी माणसाकडे एकच हत्यार उरतं, हेबियस कॉर्पस. मराठीत त्याला बंदी प्रत्यक्षीकरण म्हणतात. अर्थ सोपा आहे: पकडलेल्या माणसाला न्यायाधीशापुढे उभं करा आणि कशासाठी पकडलं ते सांगा.

अनेक उच्च न्यायालयांनी अशा अर्जांची सुनावणी घ्यायची तयारी दाखवली. पण २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने सांगितलं, की आणीबाणीत ही दाद मागता येणार नाही. विरोधात उभे राहिलेले एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना. पुढे त्यांची सेवाज्येष्ठता डावलून सरन्यायाधीशपद दुसऱ्याला दिलं गेलं आणि त्यांनी राजीनामा दिला. बहुमतातल्या चौघांत आपले यशवंतराव चंद्रचूड होते. एक्केचाळीस वर्षांनी, २०१७ साली, खासगीपणाच्या हक्काच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो जुना निकाल चुकीचा ठरवला. तो भाग लिहिणारे न्यायमूर्ती होते धनंजय चंद्रचूड, यशवंतरावांचे चिरंजीव.

तिसरा प्रश्न मतदानाचा. लोकसभेची मुदत १९७६ च्या सुरुवातीला संपत होती. निवडणूक घेण्याऐवजी ती मुदत दोनदा वाढवली गेली. म्हणजे तिन्ही उत्तरं 'नाही' झाली.

इथे तुमच्यातले काही जण म्हणतील, अहो, पण तेव्हा गाड्या वेळेवर धावत होत्या, साहेब दहाच्या ठोक्याला खुर्चीत असायचा. खरं आहे. पुष्कळ लोक समाधानाने असं म्हणत, आणि त्यांना खोटं पाडायचं कारण नाही. सक्तीची सत्ता सुरुवातीला नीटनेटकी दिसते. ती पुढे का बिघडते, हे समजून घ्यायला हवं.

कुटुंबनियोजनाचंच बघा. वरून आकडे ठरले, तलाठ्यापासून शिक्षकापर्यंत सगळ्यांना उद्दिष्टं दिली गेली. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही. गावोगाव जबरदस्ती होत होती, पण ती छापून येत नव्हती. तक्रार करावी तर कोर्ट बंद. आमदाराला घाबरवावं तर निवडणूक नाही. लोकांचं तोंड बंद झालं की सरकारचे कानही बंद होतात, ते असे. खाली काय चाललंय ते वर पोचत नाही, पोचतात फक्त पूर्ण झालेले आकडे. जानेवारी १९७७ मध्ये निवडणुका जाहीर झाल्या, तेव्हा आपण जिंकू असं सत्ताधाऱ्यांना वाटत होतं, असं अनेक अभ्यासक मानतात. मार्चमध्ये खुद्द पंतप्रधान रायबरेलीत हरल्या.

पण तीन कुलपांच्या आत एक चौथं कुलूप असतं, आणि ते आपण स्वतःच लावतो. त्याचं नाव भीती. ते कसं उघडतं, हे कराडला दिसलं. डिसेंबर १९७५ मध्ये तिथे मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्षा दुर्गा भागवत, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, म्हणजे केंद्रातले परराष्ट्रमंत्री. जयप्रकाश नारायण तेव्हा गंभीर आजारी होते. दुर्गाबाईंनी लेखनस्वातंत्र्याची बाजू उघडपणे मांडली, आणि जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायचं आवाहन केलं. आजाऱ्यासाठी प्रार्थना! यात काय गुन्हा? पण मंत्री शेजारी बसलेले असताना हजारो माणसं उभी राहिली, आणि आपण एकटेच असं मानत नाही हे प्रत्येकाला कळलं. भीतीचं काम माणसांना एकेकटं पाडण्याचं असतं. १९७६ मध्ये दुर्गाबाईंना मुंबईच्या एशियाटिक ग्रंथालयातून अटक झाली.

मंडळी, आता कराडहून थेट आपल्या गावात येऊ. आणीबाणी चालू होती त्याच वर्षांत ॲन आर्बरमध्ये एक रशियन कवी शिकवत होता. नाव जोसेफ ब्रॉडस्की. १९६४ साली लेनिनग्राडमध्ये त्याच्यावर खटला चालला. आरोप काय, तर ऐतखाऊपणा, कारण कविता लिहिणं हे काम धरलं जात नव्हतं. तुला कवी कोणी ठरवलं, असं न्यायाधीश बाईंनी विचारलं. त्याने उलट विचारलं, की मला माणूस तरी कोणी ठरवलं? पाच वर्षं सक्तमजुरीची शिक्षा झाली. हा सवालजवाब आपल्याला माहीत आहे, कारण फ्रीदा विग्दोरोव्हा नावाच्या पत्रकार बाई कोर्टात बसून तो टिपून घेत होत्या. ती टिपणं टाइप होऊन हातोहात फिरली, परदेशात पोचली, जगभरातून दबाव आला आणि दीड वर्षाने ब्रॉडस्की सुटला. १९७२ मध्ये त्याला देशाबाहेर घालवलं. त्याला इथे मिशिगन विद्यापीठात आणलं कार्ल प्रॉफर या रशियन साहित्याच्या प्राध्यापकांनी.

कार्ल आणि त्यांच्या पत्नी एलेंडिया यांनी १९७१ साली इथेच, आपल्या घरातून, 'आर्डिस' नावाची प्रकाशनसंस्था सुरू केली होती. सोव्हिएत रशियात जे छापता येत नव्हतं ते आर्डिस छापत असे: मांडेलश्टाम, बुल्गाकोव्ह, नाबोकोव्ह, साशा सोकोलोव्ह. तिकडे लोक कार्बन लावून टाइप केलेल्या प्रती एकमेकांना देत, त्याला सामिझदात म्हणत. बाहेरच्या देशात छापून आत नेलेल्या पुस्तकाला तामिझदात. पर्यटकांच्या, विद्यार्थ्यांच्या सामानातून ही पुस्तकं जात. १९७९ मध्ये मॉस्कोतल्या काही लेखकांनी सेन्सॉरला बगल देऊन 'मेट्रोपोल' हा संग्रह काढला. तोही आर्डिसने छापला, आणि कार्ल प्रॉफर यांना सोव्हिएत संघाचा व्हिसा बंद झाला. ते १९८४ मध्ये वारले. ज्या देशाच्या साहित्यासाठी त्यांनी आयुष्य घातलं, तिथे पुन्हा पाऊल ठेवता आलं नाही. ब्रॉडस्कीला १९८७ मध्ये नोबेल मिळालं.

म्हणजे अमेरिका हे स्वातंत्र्याचं माहेर, असं म्हणून विषय संपवायचा का? नाही. याच विद्यापीठात १९५४ साली चँडलर डेव्हिस, मार्क निकरसन आणि क्लेमंट मार्कर्ट या तीन प्राध्यापकांनी, तुम्ही कम्युनिस्ट आहात का, या संसदीय समितीच्या प्रश्नांना उत्तर द्यायचं नाकारलं. विद्यापीठाचे अध्यक्ष हार्लन हॅचर यांनी तिघांना निलंबित केलं. डेव्हिस आणि निकरसन यांची नोकरी गेली. डेव्हिस यांनी पुढे सहा महिने तुरुंगवास भोगला, आणि मग कॅनडात जाऊन गणित शिकवलं. मात्र फरक इथे आहे: विद्यापीठातल्या अध्यापकांनी ती गोष्ट गाडून टाकली नाही. १९९१ पासून या तिघांच्या नावाने दरवर्षी बौद्धिक स्वातंत्र्यावर व्याख्यान होतं.

आता तुमच्या-माझ्या घरातलं बोलू. आपल्यापैकी कोणाच्या हातात निळा पासपोर्ट आहे, कोणाच्या हातात अजून विद्यार्थी व्हिसा. आणीबाणीत अमेरिकेत निदर्शनं करणाऱ्या काही भारतीयांचे पासपोर्ट सरकारने रद्द केले होते, एका विद्यार्थ्याची सरकारी शिष्यवृत्ती थांबवली होती. परदेशात राहिलं म्हणजे हात पोचत नाही, असं नाही. आणि हे एकाच पक्षाचं दुखणंही नाही. आणीबाणी उठल्यावर, जनता सरकारच्या काळात, मनेका गांधींचा पासपोर्ट जनहिताचं मोघम कारण देऊन जप्त झाला. त्याच खटल्यात २५ जानेवारी १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की स्वातंत्र्य काढून घेण्याची पद्धत न्याय्य आणि वाजवी असली पाहिजे, नुसती कायद्यात लिहिलेली असून भागत नाही. त्याच वर्षी ४४ वी घटनादुरुस्ती झाली. 'अंतर्गत अशांतता' हे शब्द जाऊन 'सशस्त्र उठाव' आले, आणि जगण्याचा हक्क आणीबाणीतही गोठवता येणार नाही असं ठरलं. तुटलेलं कुलूप दुरुस्त करता येतं, पण त्यासाठी ते कुठे तुटलं हे कोणीतरी लिहून ठेवावं लागतं.

म्हणून दोन कामं सांगतो. पहिलं, हॅचर ग्रंथालयात लबाडी संग्रह आहे. नावावर जाऊ नका, जो लबाडी हे इथल्या एका कामगार कार्यकर्त्याचं नाव. त्यांनी १९११ साली आपली पत्रकं, वर्तमानपत्रं विद्यापीठाला दिली. आज जगभरच्या चळवळींचे कागद तिथे आहेत. १९५४ च्या त्या अध्यक्षांचंच नाव दारावर, आणि आत बंडखोरांचे कागद. एकदा मुलांना घेऊन जा.

दुसरं काम याहून जवळचं. या उन्हाळ्यात तुमचे आईवडील, सासूसासरे सहा महिन्यांसाठी कँटनला, नोव्हायला आले असतील. १९७५ साली ते विशी-तिशीत असणार. जेवण झालं की फोनचं रेकॉर्डिंग चालू करा आणि विचारा: तेव्हा तुम्ही काय बोलायचं टाळलंत? कोणासमोर आवाज खाली घ्यायचात? कोणी पकडलं गेलं का? कोणाला आणीबाणी बरी वाटत होती, ते का? वाद घालू नका, फक्त ऐकून घ्या. शाह आयोगाच्या अहवालात एक लाख माणसांचा आकडा आहे, पण तुमच्या आजोळच्या गल्लीत काय झालं ते नाही. ते सांगणारी माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत.

आजच्यापुरतं इतकंच. तुमच्याकडे आलेल्या आठवणी त्यांच्या परवानगीने आमच्याकडे पाठवा, पुढच्या एखाद्या भागात आपण त्या सगळ्यांना ऐकवू. नमस्कार.