दुकान उघडले, दवाखान्याचे काय?

मार्च २०२० च्या अखेरीस टाळेबंदी लागू झाली आणि इतर दुकानांबरोबर दारूची दुकानेही बंद झाली. नांदेडहून देगलूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील नायगावसारख्या गावात त्या दिवशी कित्येक घरांतील स्त्रियांनी सुटकेचा नि:श्वास टाकला असेल, तर त्यात नवल नाही. बायकांच्या मोर्चांना वर्षानुवर्षे जे साधले नाही, ते एका विषाणूने एका रात्रीत साधले होते. सणावारी किंवा सोबतीपायी पिणाऱ्यांपैकी अनेकांची सवय त्या दिवसांत खरोखरच सुटली, हेही मान्य केले पाहिजे.

परंतु ज्याच्या शरीरालाच दारू लागते, त्याची गोष्ट निराळी. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली की काही तासांतच हात थरथरू लागतात, घाम सुटतो, झोप उडते. पुढे फेफऱ्यासारखे झटके येऊ शकतात. आणि दोन-तीन दिवसांनी काहींना भास होऊ लागतात, वेळकाळाचे भान सुटते. उपचार न झाल्यास हा विकार जिवावर बेततो. आपल्याकडे अशा माणसाला बाहेरची बाधा झाली असे समजून अंगारा लावला जातो. वस्तुत: यावर डायझेपामसारखी औषधे आणि थायामिन हे जीवनसत्त्व, असा साधा व स्वस्त उपाय आहे. मात्र तो देणारा डॉक्टर जवळ हवा.

नायगावचा रस्ता पुढे जेथे जातो, त्या हैदराबादेत काय घडले ते पाहावे. मार्च २०२० संपता संपता एर्रागड्डा येथील शासकीय मनोरुग्णालयात शिंदी तुटलेल्यांची रीघ लागली. तेथील शिंदीत गुंगीची औषधे मिसळलेली असतात, ती बंद होताच माणसे भ्रमिष्टासारखी वागू लागली. केरळात आत्महत्यांच्या बातम्या येताच शासनाने डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दारू देण्याचा आदेश काढला. डॉक्टरांच्या संघटनांनी विरोध केला आणि २ एप्रिलला उच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. तो उपाय चुकीचा होताच. पण निदान हा रोग्यांचा प्रश्न आहे, एवढे तरी तेथे कोणाच्या ध्यानी आले!

महाराष्ट्रात चर्चा झाली ती महसुलाची. ४ मे रोजी दुकाने उघडली, रांगा लागल्या, मुंबईत ती लगेच पुन्हा मिटवावी लागली. आणि त्याच महिन्यात दारू घरपोच देण्यास परवानगी मिळाली. जो नवरा बाहेर पिऊन येत असे, तो आता मुलांदेखत घरात पिऊ लागला. दारू दारापर्यंत पोहोचविण्याची व्यवस्था जर पंधरवड्यात उभी राहते, तर औषध पोहोचविण्याची का राहू नये?

पुढच्या वर्षी तरी शहाणपण यावे! एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा निर्बंध आले, आणि नांदेडला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात, वणी येथे, दारू मिळेना म्हणून हात धुण्याचे सॅनिटायझर पिऊन सात जण दगावले. त्याआधी, जुलै २०२० मध्ये, आंध्रातील कुरिचेडू येथे हेच घडून गेले होते. म्हणजे इशारा नव्हता असे म्हणण्याची सोय नाही.

केंद्र सरकारने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या अडतीस जणांपैकी जेमतेम एकाला कोणता ना कोणता उपचार मिळतो. रुग्णालयात दाखल होणारा तर एकशे ऐंशींत एक. उरलेल्यांसाठी आपल्याकडे आहे तो शेजाऱ्यापाजाऱ्यांचा उपदेश. पुण्यात १९८६ पासून 'मुक्तांगण' काम करीत आहे, नांदेडला विष्णुपुरीचे वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण टाळेबंदीत एस.टी. बंद असताना नायगावच्या शेतमजुराने, थरथरत्या हातापायांनी, ते पन्नासेक किलोमीटर कसे जावे?

ग्रामीण रुग्णालयातील एका डॉक्टरला व दोन परिचारिकांना हा उपचार शिकविणे आणि तेथे ती औषधे सदैव ठेवणे, एवढीच मागणी आहे. मोठी इमारत नको, की उद्‌घाटनाचा समारंभ नको. त्यासाठी नव्या महामारीची वाट पाहण्याचेही कारण नाही. प्रत्येक निवडणुकीत मतदान संपण्यापूर्वीचे अठ्ठेचाळीस तास कायद्याने दारूविक्री बंद असते, आणि भास व झटक्यांचा धोकाही नेमका याच तासांत वाढत असतो. मतदान केंद्रांच्या तयारीची यादी करताना तहसीलदारांनी तालुक्याच्या रुग्णालयाला त्या दोन दिवसांपुरते तरी सावध करावे.