वऱ्हाडातला कचरा आणि दोन समुद्र

पाणी कुठे जातं

अकोल्याच्या मधून वाहणारी मोर्णा पूर्णेला मिळते. अमरावतीजवळून जाणारी पेढीही पूर्णेलाच मिळते. पूर्णा जळगाव जिल्ह्यात चांगदेवला तापीत शिरते आणि तापी हतनूर, उकाई ही धरणं ओलांडून सुरतेपुढे अरबी समुद्राला भेटते. अमरावती जिल्ह्याची पूर्वेकडची बाजू मात्र उलट उतरते. तिथली वर्धा पुढे वैनगंगेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. दर्यापूरच्या नाल्यात पडलेली पन्नी आणि मोर्शीच्या नाल्यात पडलेली पन्नी, एकाच जिल्ह्यातल्या असूनही दोन वेगळ्या समुद्रांच्या वाटेला लागतात.

सगळ्याच काही तिथवर पोचत नाहीत. समुद्रातल्या प्लास्टिकचा जो अंदाज सर्वाधिक सांगितला जातो, तो २०१५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आला: २०१० या एका वर्षात ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन. हा अंदाज किनाऱ्यापासून ५० किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांच्या कचऱ्यावरून काढलेला होता. वऱ्हाड त्या हिशेबात नव्हतंच. नदी लांबची असेल, मध्ये धरणं असतील, तर बराचसा कचरा वाटेतच अडतो.

पण अडतो म्हणजे कुठे अडतो? नदीकाठच्या बाभळींत, बंधाऱ्यांच्या दारांत, धरणाच्या गाळात, पूर ओसरल्यावर शेतात आणि उकिरड्यावर चरणाऱ्या गाईच्या पोटात. समुद्रावर जातं त्याहून जास्त आपल्याच अंगावर राहतं. म्हणून हा प्रश्न किनाऱ्यावरच्या लोकांइतकाच आपलाही आहे.

मोर्णेचा धडा

१३ जानेवारी २०१८ रोजी अकोल्यात ‘मिशन क्लीन मोर्णा’ सुरू झालं. पहिल्या टप्प्यात चार किलोमीटरच्या पट्ट्यात १४ ठिकाणी दोन्ही काठ साफ झाले. सहा हजारांवर माणसं आणि शंभराहून अधिक संस्था कामाला लागल्या. पंतप्रधानांनी त्याच महिन्यात ‘मन की बात’मध्ये त्याचा उल्लेख केला. शहरातली माणसं स्वतःहून आपल्या नदीत उतरली, ही अकोल्याच्या इतिहासात नोंदवावी अशी गोष्ट आहे.

त्या नदीतून ढिगांनी निघाली ती जलपर्णी. ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतली. सांडपाण्यातल्या नत्र आणि स्फुरदावर ती पोसली जाते आणि काही दिवसांतच दुप्पट होते. तिच्या मुळांत थर्माकोल, बाटल्या, निर्माल्याच्या पिशव्या अडकतात. खालचं पाणी प्राणवायूवाचून सडतं आणि डास वाढतात. ती उपसून काढली तरी नाल्यांचं सांडपाणी प्रक्रियेविना नदीत येत राहिलं, तर तिचं खाद्य चालूच राहतं. श्रमदानाने नदीचा चेहरा धुतला जातो. रोग उतरवायला मलनिस्सारणाची गटारं आणि प्रक्रिया केंद्रंच लागतात, आणि ते काम पालिकेचं आहे. श्रमदानाच्या कौतुकात ते मागे पडू देता कामा नये.

उकिरडा होता तेव्हा

कचऱ्याबद्दल अमरावतीत बोलायचं आणि गाडगेबाबांचं नाव घ्यायचं नाही, असं होत नाही. ते अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचे. दिवसा हातात खराटा आणि रात्री कीर्तन. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ, पेढीच्या पुलापाशी त्यांनी देह ठेवला. बाबा झाडायचे त्या गावात काय असायचं, याचा विचार केला म्हणजे फरक कळतो: शेण, काडीकचरा, राख, पळसाच्या पत्रावळी, खरकटं. ते उकिरड्यात गेलं की उन्हाळ्यात गाडीत भरून शेतात जायचं. झाडलेला कचरा दोन पावसाळ्यांत माती व्हायचा. आता झाडलेल्या ढिगात जे असतं, त्यातलं बरंच आपल्या नातवंडांच्या हयातीतही माती होणार नाही.

अमरावतीचा कचरा वर्षानुवर्षं सुकळीच्या कंपोस्ट डेपोवर गेला, अकोल्याचा नायगावला. नाव कंपोस्टचं असलं तरी ओला आणि सुका एकत्र आला की कंपोस्ट होत नाही. खरकटं पन्न्यांखाली दबून हवेवाचून कुजतं, त्यातून मिथेन निघतो आणि उन्हाळ्यात असे ढीग आतून पेट घेतात. कुजताना सुटणारं काळं पाणी पावसात आजूबाजूच्या विहिरींकडे जातं.

आणि हे होत असताना पलीकडे पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा सेंद्रिय खतासाठी आसुसलेला आहे. तिथली जमीन चिकण, भूजल खारं. बैलजोड्या कमी झाल्या तसं शेणखतही मिळेनासं झालं. शहरातल्या स्वयंपाकघरातून निघणारा ओला कचरा म्हणजे शेतातूनच आलेला माल. तो परत शेतात जायला हवा. राज्य सरकारने शहरी खतासाठी ‘हरित महा सिटी कंपोस्ट’ हे नावही २०१७ साली आणलं. शेतकरी मात्र ते खत हातात घेऊन आधी चाळून पाहतो. काचेचा तुकडा किंवा ब्लेडचं पातं दिसलं की पुढच्या खेपेला तो येत नाही. निंदण करणाऱ्या बायका अनवाणी असतात, म्हणून त्याचं बरोबरच आहे. खताचा दर्जा ठरतो तो डेपोवरच्या यंत्रात कमी आणि घंटागाडीपाशी आलेल्या डब्यात जास्त. सगळ्या व्यवस्थेतली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाची पायरी तीच.

कापसात शिरलेला धागा

वस्तू बनवायची, वापरायची आणि फेकायची, ही सरळ रेघ मोडून तीच सामग्री पुन्हा पुन्हा कामात आणायची, याला चक्रीय अर्थव्यवस्था म्हणतात. परिषदांमध्ये ती नवी वाटते. वऱ्हाडातल्या कापसाला ती जुनी आहे. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. सरकीचं तेल निघतं, उरलेली ढेप जनावरांना जाते. अकोल्याच्या डाळमिलांतली चुनीही गोठ्यात जाते. पऱ्हाटी चुलीत जायची, नाहीतर कुंपणाला लागायची.

गॅस आला तशी पऱ्हाटी धुऱ्यावर जळू लागली. हेक्टरी दोन-तीन टन माल असा धुरात जातो. कापूस तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या ‘सिरकॉट’ या केंद्रीय संस्थेने पऱ्हाटीपासून जळणाच्या कांड्या आणि पार्टिकल बोर्ड बनवण्याच्या पद्धती विकसित केल्या आहेत. हंगाम संपताच पऱ्हाटी शेताबाहेर गेली, तर गुलाबी बोंडअळीचा आसराही जातो. शेतकऱ्याला वाहतूक परवडेल एवढा भाव मिळाला, तर हे काम आपोआप चालेल.

प्लास्टिकने या चक्रात कसा खोडा घातला, तो वेचणीच्या दिवसांत जवळून दिसतो. कापूस भरायला युरियाची रिकामी पोती वापरतात. उन्हाने पोतं कुजलं की त्याचे पांढरे धागे सुटतात आणि पांढऱ्या कापसात दिसतही नाहीत. जिनिंगमध्ये ते आणखी चिरले जातात, सुतात जातात, कापडात विणले जातात. रंग चढवला की कापूस रंग घेतो आणि तो धागा घेत नाही. थानभर बारीक रेषा उमटते. सूतगिरण्यांना असे धागे शोधून काढायला माणसं आणि यंत्रं ठेवावी लागतात. भारतीय कापसाला बाहेरच्या बाजारात कमी भाव मिळण्याचं हे एक जुनं कारण आहे. २००० साली सुरू झालेल्या कापूस तंत्रज्ञान मोहिमेत ही भेसळ कमी करणं हा एक हेतू होता. वेचणीला सुती पोती द्यायची, एवढाच उपाय आहे. त्यांचा खर्च मात्र एकट्या शेतकऱ्यावर पडू नये. गिरणीला त्यातून फायदा होतो, तिनेही वाटा उचलावा.

भंगारात न जाणारं

लोखंड, पुठ्ठा, रद्दी, पाण्याच्या बाटल्या कबाडी घेऊन जातो. कचरा वेचणाऱ्या बायका आणि भंगारवाले नसते, तर आपले डेपो केव्हाच दुप्पट झाले असते. पण त्यांचा व्यवहार वजनावर चालतो. खर्रा घोटलेली पन्नी, वेफरचं चकचकीत पाकीट, शेतातला फाटलेला मल्चिंग पेपर: हलकं, मळकं आणि अनेक थरांचं. ते वेचण्यात दिवस जातो आणि हाती काही लागत नाही. नाल्यात सापडतं ते नेमकं हेच.

इथे कायद्याचं काम सुरू होतं. महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये प्लास्टिकबंदी आणली. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या काही वस्तूंवर देशभर बंदी आली आणि त्याच वर्षअखेरपासून १२० मायक्रॉनहून पातळ पिशव्याही बंद झाल्या. उत्पादकांनी आपलं वेष्टन परत गोळा करण्याची जबाबदारीही नियमांत आहे. बंदीची झळ हातगाडीवाल्याला आधी लागते, पाकीट बनवणाऱ्या कारखान्याला उशिरा. हा क्रम उलटा व्हायला हवा. हलक्या पाकिटालाही किलोमागे भाव मिळाला, की ते वेचलं जाईल.

पहिल्या पुराआधी

आपल्या नाल्यांत आठ महिने कचरा साचतो आणि मृगाच्या पहिल्या दोन-तीन मोठ्या पावसांत एकदम निघतो. वर्षभराचा बराचसा माल त्या थोड्या दिवसांतच नदीत जातो. म्हणून नाल्यांची सफाई मेअखेर संपायला हवी, काढलेला गाळ काठावर न ठेवता त्याच दिवशी उचलायला हवा, आणि शहराबाहेर पडणाऱ्या नाल्यांच्या तोंडाशी जाळ्या लागायला हव्यात. जाळी प्रत्येक मोठ्या पावसानंतर रिकामी केली नाही, तर ती तुंबते आणि पाणी वस्तीत शिरतं. त्यामुळे जाळीच्या निविदेत ती रिकामी करणाऱ्या माणसांची मजुरी, हातमोजे आणि गाडी हेही धरलेलं आहे का, हे नगरसेवकाला मे महिन्यातच विचारावं.