पाणंदीने किती, रस्त्याने किती

सकाळी 9. तारामुंबरीचा पूल ओलांडून मोटरसायकल कुणकेश्वरच्या रस्त्याला लागते. पिशवीत फीत, पंचनाम्याचे कागद आणि नव्या परमिट रूमच्या अर्जाची फाइल. मी राज्य उत्पादन शुल्कचा दुय्यम निरीक्षक. 31 मार्च तोंडावर, जुन्या परवान्यांची नूतनीकरणं डोक्यावर, त्यात हा अर्ज.

10. शाळा नि देवळापासून दारूविक्रीची जागा 75 मीटर लांब हवी. मोजायचं दाराच्या मध्यापासून फाटकाच्या मध्यापर्यंत, माणूस एरवी ज्या वाटेने चालत जातो त्या वाटेने. हे ‘एरवी’ लिहिणाऱ्याने कोकणातली वाडी पाहिली नसावी. वाडीतल्या देवळापर्यंत डांबरी रस्त्याने 88 भरले. पंच सही करणार, तोच गडग्यापलीकडून आजी म्हणाली, “त्या रस्त्यान कोण जाता, सायबा? आमी पाणंदीन जातो.”

“पावसात थय घोटाभर पाणी आसता,” अर्जदार.

“पावसात तुजी गिऱ्हायकां तरी खय येतत?”

पाणंदीने 69. दोन्ही आकडे लिहिले, नकाशात दोन्ही वाटा काढल्या. निर्णय ओरोसला, जिल्हाधिकाऱ्यांचा.

वडाखालची राखणदाराची घुमटी तर अगदी दाराशीच. पण कायदा नोंदणीकृत न्यासाचं देऊळ धरतो. राखणदाराचा कुठला आलाय न्यास? शिवाय त्याला बाटली नि विडी गावच देतं. त्याची हरकत यायची नाही.

दुपारी 1. दुसऱ्या हॉटेलची परमिट रूम. ब्रँडवार नोंदवही, वाहतूक पास, फळीवरच्या बाटल्या, तिन्हींचा मेळ बसायला हवा. बसला, एक उघडी बाटली सोडून. 1949 च्या दारूबंदी कायद्याने पिणाऱ्यालाही परवाना लागतो, एका दिवसाचा 5 रुपयांना. टेबलावरच्या पर्यटकांना हे सांगितलं, तर त्यांना वाटलं मी पैसे मागतोय. त्यातला एक 23 वर्षांचा. बिअर 21 ला चालते, व्हिस्कीला 25 पूर्ण लागतात. मालकाने त्याचा ग्लास हळूच उचलला. मी शेरा लिहिला.

तपासलेल्या हॉटेलात मी जेवत नाही. पुढे खानावळीत बांगडा नि सोलकढी.

संध्याकाळी 7. नाकाबंदी. गोव्याची स्वस्त बाटली इकडे यायला कुठलंही वाहन चालतं. टेम्पोत आंब्याच्या पेट्या. पेंढ्यात कोपरापर्यंत हात घातला. हापूसच. चालकाने दोन पुढे केले, नको म्हटलं.

साडेनऊला घरी. पाण्याचा तांब्या देताना बायको थांबली. “आंबे कोणी दिले?”