वारूळ टिकलं, तरच अळंबी टिकेल!

नवी मुंबईत सानपाडा-तुर्भ्याच्या बाजारात बटन मशरूम वर्षभर मिळतं. रानातली अळंबी मात्र पावसाळ्यातच, तीही वारुळाच्या कृपेने!

या अळंबीचं शास्त्रीय नाव टर्मिटोमायसिस. वाळवी सुकलेलं लाकूड आणि पालापाचोळा खाऊन वारुळात त्याचे स्पंजासारखे पोळे रचते. त्यावर ही बुरशी वाढते. लाकडातला कठीण भाग ती पचनयोग्य करते आणि वाळवी ही बुरशीच खाते. ही भागीदारी सुमारे 3 कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेत सुरू झाली. पाऊस पडला की जमिनीवर छत्र्या उगवतात. छत्रीखालचं लांब, मुळासारखं देठ थेट त्या पोळ्यापर्यंत गेलेलं असतं.

म्हणूनच वारूळ फोडलं की अळंबीचं घरच जातं. रस्ते, सपाटीकरण, कीटकनाशकं आणि 'पडीक' समजून गवताळ माळरानं बुजवणं हे तिचे खरे शत्रू. गोव्यात 'रोंयच्या अळमी'च्या (वारुळावरच्या अळंबीच्या) बेसुमार तोडणीवर अभ्यासक अनेक वर्षं इशारे देत आहेत. जगात मार्च 2025 पर्यंत आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने तपासलेल्या सुमारे 1,300 बुरशी-प्रजातींपैकी 411 धोक्यात आहेत.

आपण काय करू शकतो?
🍄 वारूळ फोडू नका, त्यावर औषध ओतू नका.
🍄 काही छत्र्या पूर्ण उमलू द्या, म्हणजे बीजाणू पसरतील.
🍄 आपल्या पारसिकच्या डोंगरावर बुरशी दिसली तर फोटो काढा, आयनॅचरलिस्ट या ॲपवर नोंदवा.
🍄 अनोळखी अळंबी कधीही खाऊ नका.

वाघासाठी जंगल राखतो, तसं बुरशीसाठी वारूळ राखूया. पोस्ट पुढे पाठवा!