दहा मिनिटांच्या पिशवीमागचे गणित
खास प्रतिनिधी, मुंबई

रात्री साडेनऊची वेळ. कढईत तेल तापलेले आणि मोहरीचा डबा रिकामा. काही वर्षांपूर्वी अशा वेळी शेजारच्या घरातून वाटीभर मोहरी मागून आणली जाई, नाहीतर घरातल्या धाकट्याला कोपऱ्यावरच्या वाण्याकडे पिटाळले जाई. आज मुंबई-पुण्यातील अनेक घरांत गॅस बंद करून मोबाइल हाती घेतला जातो आणि थोड्याच मिनिटांत दारावरची बेल वाजते. या सोयीविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. परंतु शंभर ग्रॅम मोहरी घेऊन एक माणूस दुचाकीवरून दारी येतो, तेव्हा त्या फेरीचा खर्च मोहरीच्या किमतीतून निघणे अशक्य असते. मग तो सोसतो कोण? या प्रश्नाचे उत्तर शोधू गेल्यास वाणसामानाच्या बाजारात गेल्या पाच-सहा वर्षांत किती उलथापालथ झाली आहे, हे ध्यानात येते.

वेग रस्त्यावर नव्हे, गोदामात

ऑनलाइन किराणा हा प्रकार तसा नवा नाही. बंगळुरूमध्ये २०११ साली बिगबास्केट सुरू झाले, तर २०१३ मध्ये ग्रोफर्स आले. तेव्हाची रूढ पद्धत अशी, की ग्राहकाने आठवड्याची किंवा महिन्याची यादी एकदम द्यावयाची आणि मोठ्या गोदामातून निघालेला टेम्पो ती ठरलेल्या वेळी पोहोचवावयाचा. करोनाकाळाने हे चित्र बदलले. २०२० मध्ये स्विगीने इन्स्टामार्ट सुरू केले. २०२१ मध्ये मुंबईत झेप्टोचा जन्म झाला. त्याच वर्षअखेरीस ग्रोफर्सने ब्लिंकिट हे नाव धारण केले आणि २०२२ मध्ये झोमॅटोने ती कंपनी आपल्याकडे घेतली.

या झटपट सेवेचा कणा म्हणजे ‘डार्क स्टोअर’. हे दुकान असले तरी तेथे गिऱ्हाईक येत नाही. निवासी वस्तीच्या मधोमध घेतलेल्या या गाळ्यात हजारो वस्तू क्रमांक दिलेल्या फळ्यांवर मांडलेल्या असतात. दूध, पाव, अंडी, कोथिंबीर असा सतत उठणारा माल बांधणीच्या टेबलाजवळ ठेवलेला असतो. मागणी येताच कर्मचाऱ्याच्या फोनवर कोणती वस्तू कोणत्या फळीवर आहे हे दिसते आणि काही मिनिटांत पिशवी तयार होते. दुचाकीस्वाराला पुढे दोनेक किलोमीटरच कापावयाचे असतात. थोडक्यात, हा वेग दुचाकीच्या चाकात कमी आणि माल ग्राहकाच्या किती जवळ ठेवला आहे यात अधिक आहे. मात्र माल जवळ ठेवायचा म्हणजे महागड्या वस्तीत भाडे भरणे आले.

पैसा कोठून येतो?

ढोबळ हिशेब मांडून पाहू. समजा, एका ग्राहकाने पाचशे रुपयांचा माल मागवला आणि त्यातील वीस टक्के, म्हणजे शंभर रुपये कंपनीकडे राहिले. गाळ्याचे भाडे, शीतकपाटांची वीज, कामगारांचे पगार आणि नासलेला माल यांत त्यातले पन्नास गेले. घरपोच फेरीला चाळीस लागले. उरले दहा. आता हीच मागणी दीडशे रुपयांची असेल, तर वीस टक्के म्हणजे जेमतेम तीस रुपये होतात. त्यातून फेरीचा खर्चसुद्धा निघत नाही.

हे भगदाड बुजविण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला म्हणजे हाताळणी शुल्क, लहान मागणीवरील शुल्क, पावसाळी शुल्क अशा नावांनी ग्राहकाकडून थोडे थोडे घेणे. दुसरा, किराण्याच्या जोडीला सौंदर्यप्रसाधने, मोबाइल, खेळणी अशा चढ्या किमतीच्या वस्तू विकून पिशवीची सरासरी किंमत वाढविणे. तिसरा मार्ग ग्राहकाच्या नजरेस सहसा येत नाही, तो जाहिरातीचा. ‘बिस्कीट’ असा शब्द टंकल्यावर सर्वांत वर दिसणाऱ्या जागेसाठी उत्पादक पैसे मोजतो. वाण्याच्या दुकानात दर्शनी फळी मिळविण्यासाठी कंपन्या जी धडपड करीत, तीच आता मोबाइलच्या पडद्यावर आली आहे. फरक इतकाच, की कोणती वस्तू दर्शनी ठेवायची हे पूर्वी हजारो दुकानदार ठरवीत, आता मूठभर कंपन्या ठरवितात.

वितरकाची गळचेपी

साबण, टूथपेस्ट, बिस्किटे यांचा पारंपरिक प्रवास कारखाना, कंपनीचे कोठार, वितरक आणि किराणा दुकान असा असतो. यातील वितरक केवळ माल पोहोचवत नाही. तो दुकानदाराला आठ-पंधरा दिवसांची उधारी देतो, मुदत संपलेला माल परत घेतो आणि आडगल्लीतील लहान दुकानापर्यंत पोहोचतो. त्या उधारीच्या जोरावरच वाणी आपल्या गिऱ्हाइकाचे खाते वहीत लिहू शकतो. पगार लांबलेल्या घराची चूल पेटती ठेवणारी ही व्यवस्था ॲपवर नाही.

वितरकांचा आक्षेप असा, की कंपन्या बड्या खरेदीदारांना जी सवलत देतात ती त्यांना मिळत नाही. २०२१ च्या अखेरीस वितरकांच्या अखिल भारतीय महासंघाने हा प्रश्न जाहीरपणे मांडला. आपल्यामार्फत दुकानदाराला ८ ते १२ टक्के नफा सुटतो, तर घाऊक माल पुरविणाऱ्या ऑनलाइन कंपन्या १५ ते २० टक्के देऊ करतात, असे महासंघाचे म्हणणे होते. जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्रातील वितरकांनी कोलगेटच्या काही उत्पादनांबाबत असहकारही पुकारला. ऑक्टोबर २०२४ मध्ये हाच महासंघ झटपट सेवेतील कंपन्यांविरुद्ध भारतीय स्पर्धा आयोगाकडे गेला. तोट्यात माल विकून प्रतिस्पर्ध्यांना बाजारातून हुसकावले जात आहे, असा त्याचा आरोप होता.

झळ केवळ लहानांना लागली असे नाही. २००२ साली पवईत पहिले दुकान उघडणाऱ्या डीमार्टने ऑक्टोबर २०२४ मध्ये निकाल जाहीर करताना महानगरांतील आपल्या अधिक विक्रीच्या दुकानांवर ऑनलाइन किराण्याचा परिणाम दिसू लागल्याचे मान्य केले.

उत्पादकांची कसरत

नित्योपयोगी वस्तूंच्या कंपन्यांना दोन्ही दगडांवर पाय ठेवावा लागतो. विक्रीचा मोठा भाग अजूनही किराणा दुकानांतून होतो, वाढ मात्र ॲपवर वेगाने दिसते. शिवाय ॲपने नव्या, लहान ब्रँडना दार उघडून दिले आहे. वितरकांचे जाळे नसतानाही ते महानगरांतील घराघरांत पोहोचतात. जुन्या कंपन्यांनी त्यांना विकत घेण्याचा मार्ग पत्करला. मॅरिकोने २०२२ मध्ये पुण्याच्या ट्रू एलिमेंट्समध्ये बहुमताचा हिस्सा घेतला. हिंदुस्थान युनिलिव्हरने जानेवारी २०२५ मध्ये मिनिमलिस्ट या त्वचाप्रसाधनांच्या ब्रँडमधील ९०.५ टक्के हिस्सा घेण्याचे जाहीर केले.

नियमांची चौकट

परकीय भांडवल असलेल्या ई-व्यापार कंपनीने केवळ विक्रेता आणि ग्राहक यांची गाठ घालून द्यावी, माल स्वतःच्या मालकीचा ठेवू नये, असा केंद्राचा नियम आहे. देशात पिकवलेल्या वा तयार झालेल्या खाद्यपदार्थांच्या विक्रीला त्यात वेगळी मुभा आहे. ब्लिंकिटची मालक कंपनी इटर्नलने २०२५ मध्ये परकीय हिस्सा ४९.५ टक्क्यांपर्यंत मर्यादित करून स्वतः माल ठेवण्याचा मार्ग मोकळा केला. जून २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने धारावी आणि पुण्यातील बालेवाडी येथील केंद्रांवर कारवाई केली, तेव्हा ग्राहकाला न दिसणाऱ्या या गाळ्यांच्या स्वच्छतेचा आणि परवान्यांचा प्रश्न प्रथमच ठळकपणे पुढे आला. दुचाकीस्वारांच्या जिवाची चिंता व्यक्त झाल्यावर आणि केंद्रीय कामगार मंत्रालयाने आग्रह धरल्यावर जानेवारी २०२६ मध्ये ब्लिंकिटने जाहिरातीतील दहा मिनिटांचे वचन मागे घेतले.

ग्राहकाने काय पाहावे?

- वस्तूच्या किमतीवर न जाता सर्व शुल्कांसह बिलाची अखेरची रक्कम पाहावी. न मागितलेली वस्तू वा देणगी बिलात आपोआप जोडणे हे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार निषिद्ध आहे.
- वेष्टनावरील प्रति ग्रॅम वा प्रति मिलिलिटर दर ताडून पाहावा. लहान पाकीट अनेकदा महाग पडते.
- घरपोच येणाऱ्या खाद्यपदार्थाची किमान ३० टक्के मुदत किंवा ४५ दिवस शिल्लक असावेत, असे अन्न सुरक्षा प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना बजावले आहे. तारीख दारातच पाहून घ्यावी.

मधली साखळी तोडण्याचा प्रयोग मुंबईला नवा नाही. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने घाऊक खरेदी करून सभासदांना महिन्याचे सामान वाटण्याची पद्धत रुजवली. तेथे बचत होई ती आधी केलेल्या यादीमुळे आणि सभासदांच्या श्रमांमुळे. ॲपचा धंदा नेमका उलट, यादी न करण्यावर चालतो. भांडवलदारांचा पैसा तोटा भरून काढतो आहे तोवर ही सोय स्वस्त वाटेल. पुढे तो हिशेब चुकता करावयाची वेळ आली, तर कोपऱ्यावरचा वाणी आणि त्याची वही तेथे असेल का, याचा विचार मोहरी मागवतानाच केलेला बरा.